गडचिरोलीत छत्रीवरून इंटरनेट : छत्री बसल्यावर पुढे काय?

छत्रीवाला (नागपूर) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं आली आणि तेव्हापासून भेटेल तो मला विचारून राहिला, "भाऊ, आता जंगलात नेट येते का?" मी सतरा वर्षांपासून व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी जोडणारी छत्री आणि तिचा मॉडेम, बसवतो. बँकांचे एटीएम, पेट्रोल पंप, शाळा, जंगलातले कॅम्प असं सगळं करून झालं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

नेट येते. छत्री लावली, सिग्नल धरला की येतेच. नागपुरातून ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे छत्री लावायची तर दक्षिणेला तोंड आणि जमिनीपासून ६५ अंश वर, इतकं सोपं आहे ते. हात बसलेला माणूस अर्ध्या तासात सिग्नल धरतो. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या महिन्यांबद्दल.

काही वर्षांपूर्वी दक्षिण गडचिरोलीतल्या एका आश्रमशाळेत गेलो होतो. तक्रार होती "नेट बंद". आठ महिन्यांपासून बंद. शाळेच्या गच्चीवर १.२ मीटरची छत्री ठणठणीत उभी, जाग्यावरून तसूभरही हललेली नव्हती. वर चढून एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल धरणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडला तर आतून हिरवा चुरा पडला. पावसाचं पाणी केबलमध्ये शिरलं होतं आणि तांबं सडलं होतं. वीसेक रुपयांचा कनेक्टर आणि वितभर रबर टेप. वीस मिनिटांत नेट सुरू. मुख्याध्यापक नुसते बघत राहिले. देखभालीचा करार संपला होता, नवा करायचा कुणी हे कागदावर ठरलं नव्हतं, आणि नागपूरहून माणूस बोलावायचा तर एका खेपेचा खर्च शाळेच्या हातात नव्हता. आठ महिने दोनशे पोरं त्या छत्रीखाली बसून शिकली, नेटशिवाय.

मला ते अजून झोंबतं. म्हणून हा धागा. उपग्रहावरून नेट आणायचं म्हटलं की सगळी चर्चा वर आकाशात जाते. खाली गावात ते कोण सांभाळेल, महिन्याचे पैसे कोण भरेल, वीज कुठून येईल, यावर बोलू या. अनुभव असेल त्यानं जरूर लिहा.

---

धरमपेठी | सोमवार, रात्री १०:०५

चांगला विषय. माझा प्रश्न अगदी बाळबोध आहे. व्हीसॅट तर कितीतरी वर्षांपासून आहे. मग आता एवढा गाजावाजा कशाचा? नवीन काय आहे त्यात?

---

छत्रीवाला | सोमवार, रात्री १०:३२

बाळबोध अजिबात नाही, धरमपेठी. फरक उंचीचा आहे.

जुनी व्हीसॅट भूस्थिर उपग्रहावर चालते. तो ३५,७८६ किलोमीटर वर. पृथ्वीसोबतच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे छत्री एकदा लावली की झालं. पण तुमच्या फोननं काही मागितलं तर ते वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार, पुन्हा खाली येणार. एकूण १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंसुद्धा त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ बघायला त्याचं काही वाटत नाही. पण बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं एक पान उघडायला वीस-तीस वेळा मागणं-देणं होतं, आणि दर वेळी अर्धा सेकंद. पान गोल गोल फिरत राहतं आणि मग "सेशन संपले". गावातल्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

नवीन उपग्रह खाली आहेत. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेब या दुसऱ्या कंपनीचे १,२०० वर. वनवेबचे ७२ उपग्रह तर आपल्याच इस्रोनं सोडले, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये, ३६-३६ करून. इतक्या जवळून उशीर नावालाच उरतो, फोनवर बोलताना कळतसुद्धा नाही. मात्र हे उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात, म्हणून ते शेकड्यांनी-हजारांनी लागतात आणि खालच्या अँटेनाला एकाकडून दुसऱ्याकडे सतत उडी मारावी लागते.

---

फायबरभाऊ | मंगळवार, सकाळी ८:१५

मी ऑप्टिकल फायबरच्या कामावर आहे, त्यामुळे माझा कल तुम्हाला कळेलच. पण मनापासून सांगतो, उपग्रह हा कायमचा उपाय नाही. एका फायबरच्या धाग्यातून जेवढं जातं तेवढं अख्ख्या उपग्रहातून जात नाही.

हिशेब करून बघा. इस्रोचा जीसॅट-एन२ उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ रॉकेटवरून गेला. त्याची एकूण क्षमता ४८ जीबीपीएस, म्हणजे ४८ हजार एमबीपीएस, ३२ बीममध्ये (जमिनीवर पडणाऱ्या झोतांत) वाटलेली. सरासरी काढली तर एका बीमला दीड जीबीपीएस. आता प्रत्येक घराला एकाच वेळी २ एमबीपीएस द्यायचे म्हटले तर ७५० घरं. बास. आणि ईशान्येवरचे छोटे बीम सोडले तर एक बीम म्हणजे केवढा मुलूख! गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी भारतनेटचं काम २०११ पासून सुरू आहे, रखडलं हे मान्य, पण उत्तर तेच आहे. पैसा जमिनीत घाला.

---

छत्रीवाला | मंगळवार, सकाळी ९:०२

फायबरभाऊ, हिशेब बरोबर आहे, मला मान्य. जिथं फायबर जातं तिथं छत्री लावू नये. नागपूर शहरात तर मुळीच नको. पण भामरागडच्या पलीकडं केबल टाकताना वनविभागाची परवानगी, रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी, नाल्याचा पूर यात दर वर्षी केबल तुटते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. तुटली की जोडायला स्प्लायसिंगवाला किती दिवसांनी पोचतो?

---

फायबरभाऊ | मंगळवार, सकाळी ९:२०

पावसाळ्यात? रस्ता उघडेल तेव्हा. खोटं कशाला बोलू.

---

जुना_कंदील | मंगळवार, दुपारी १:४५

मी निवृत्त अभियंता, वय आता ७६. तुम्ही मुलं जे नवीन म्हणून बोलत आहात ते आम्ही एकदा पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. साइट नावाचा प्रयोग. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ नावाचा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन पोचलं. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिलं होतं, पण ते १९७१ मध्येच गेले, त्यांना बघायला मिळालं नाही. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्या सगळ्यात जवळची गावं म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूर-दुर्गचा पट्टा. माझे मोठे मेहुणे दुर्गला नोकरीला होते, मी सुटीत गेलो होतो. एका गावात शाळेसमोर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री. संध्याकाळी अडीच तास कार्यक्रम, सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी. सगळं गाव जमिनीवर बसलेलं. समोर कंदील होता तो चित्र नीट दिसावं म्हणून एका म्हातारीनं पदराआड धरला होता. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

३१ जुलैला वर्ष संपलं. उपग्रह त्यांचा होता, त्यांनी तो हलवला. काही भागांत जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून पुढं चित्र मिळत राहिलं, पण बऱ्याच गावांत पडदा काळा झाला. आपला इन्सॅट-१बी वर जाऊन चालायला १९८३ उजाडलं. सात वर्षं!

प्रयोग फसला असं मी कधीच म्हणणार नाही. इस्रोची एक पिढी त्यात घडली. पण गावकऱ्याच्या बाजूनं बघा. त्याला एक गोष्ट दाखवली आणि काढून घेतली. आज पुन्हा उपग्रह परदेशी कंपनीचे आहेत. करार संपला, भाव वाढला, मालकाचं मन बदललं, तर गडचिरोलीतल्या गावाच्या हातात काय उरतं? सरकारनं इरादापत्रावर सही करताना हे विचारलं असेल अशी आशा आहे.

---

धरमपेठी | मंगळवार, दुपारी २:१०

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती पदराआडची कंदील डोळ्यांसमोरून जात नाही. (कंदील पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? आमच्या घरी "ती कंदील" म्हणायचे.)

---

नैरोबीतला_वऱ्हाडी | मंगळवार, सायंकाळी ७:३०

मूळचा यवतमाळचा, कॉलेज नागपूरचं, गेली सहा वर्षं नैरोबीत. इथलं सांगतो, कारण आपल्याकडं जे होऊ घातलंय ते इथं होऊन गेलंय.

केनियात स्टारलिंक जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला छत्री विकत घ्यायची किंमत ऐकून लोक गप्प बसायचे. मग भाड्यानं मिळायला लागली, महिन्याचा दर उतरला, आणि मागणी एकदम उसळली. पण घेतली कुणी? नैरोबीतल्या लोकांनी, ज्यांच्या दारात आधीच फायबर होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबी आणि आजूबाजूला नवीन जोडणी देणंच बंद केलं, क्षमता भरली म्हणून. जाहिरात दूरच्या खेड्यांची आणि गर्दी राजधानीत.

यात एक भूगोलाची गोष्ट आहे ती सहसा कुणी सांगत नाही. त्यांचे बहुतेक उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कोन करून फिरतात. त्यामुळे ५० अंशांच्या आसपास, म्हणजे युरोपवर, त्यांची दाटी होते आणि विषुववृत्ताकडं ते विरळ असतात. गरीब देश बहुतेक याच विरळ पट्ट्यात आहेत. नागपूर २१ अंशांवर, आपणही त्यातच.

चांगलंही सांगतो. मसाई मारा भागात एका दवाखान्यात गेलो होतो. एकच छत्री, दवाखान्याला एक जोडणी आणि बाहेर भिंतीवर एक वाय-फाय. लोक मोबाइल पैशांनी तासाभराचं कूपन घेतात, त्या पैशांतून महिन्याचं बिल निघतं. एका घराला ते परवडणारच नव्हतं. सगळ्या गावाला परवडलं.

---

छत्रीवाला | मंगळवार, रात्री ९:१५

वऱ्हाडी भाऊ, मी ज्याची वाट पाहत होतो ते तुम्ही लिहिलं. एक घर एक छत्री हे श्रीमंत देशाचं गणित आहे. आपल्याकडं एक गाव एक छत्री, आणि खाली वाटप.

हा विचार नवा नाही. ओ३बी नावाची कंपनी २००७ मध्ये निघाली, नावाचा अर्थच "उरलेले तीन अब्ज". ग्रेग वायलर नावाचा माणूस त्याआधी रवांडात फोन आणि इंटरनेटचं काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की देशात जाळं टाकता येतं, पण ते बाहेरच्या जगाशी जोडणारा मोठा नळच नाही. म्हणून त्यानं ८,००० किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह आणले, पहिले चार २०१३ मध्ये गेले. ते घरोघरी नेट देत नाहीत. बेटावरच्या किंवा गावच्या टेलिफोन कंपनीला मोठा नळ देतात, पुढचं वाटप ती टॉवरवरून करते. आपल्या गडचिरोलीत मला तेच दिसतं. टॉवर किंवा वाय-फाय गावात, आणि टॉवरला मागून उपग्रहाची जोडणी. फायबर आलं की छत्री काढायची आणि पुढच्या गावी न्यायची. फायबरभाऊ, आता भांडण उरलं का?

---

फायबरभाऊ | मंगळवार, रात्री ९:४०

नाही उरलं. फक्त एक अट. फायबर आल्यावर छत्री काढू नका, पावसाळ्यासाठी राहू द्या. टोंगाचं आठवतं ना? १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला, समुद्रातली केबल तुटली, पाच आठवडे लागले जोडायला. तोवर सगळा देश उपग्रहावर. आपला भामरागडच्या पर्लकोटा नदीचा पूर म्हणजे दर वर्षीचा छोटा टोंगा.

---

रानवाटा | बुधवार, रात्री ८:५०

मी भामरागड तालुक्यात शिक्षिका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. हा धागा काल आलापल्लीला आले तेव्हा फोनवर उतरवून घेतला होता, गावी वाचला, आणि आज परत रेंजमध्ये येऊन लिहिते आहे. उशीर झाला त्याबद्दल माफी.

आमच्याकडं नेट म्हणजे काय ते सांगते. शाळेपासून साडेतीन किलोमीटरवर एक टेकडी आहे. तिथं एका मोहाच्या झाडाखाली दगडावर उभं राहिलं तर रेंजच्या दोन काड्या मिळतात. दगडावरून खाली उतरलं की जातात. पोषण आहाराची माहिती, हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्या दगडावरून. रेशनची ई-केवायसी आली तेव्हा बाया लेकरं कडेवर घेऊन तिथं रांगेत होत्या. एका आजीचा अंगठाच उमटेना. सगळं आयुष्य तेंदूपानं तोडण्यात आणि मोहफुलं वेचण्यात गेलं, बोटांवरच्या रेषा राहिल्याच नाहीत. मशीन नाही म्हणालं की लिंक जायची, पुन्हा सुरुवात. चार फेऱ्या झाल्या त्यांच्या.

पण मला नेट हवं आहे ते अर्जांसाठी नाही. मागच्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाला साप चावला. दोन दिशांना दोन आरोग्य केंद्रं. एकाकडचा नाला चढलेला होता. कुठल्या केंद्रात सापाची लस आहे, एवढंच विचारायचं होतं. एक फोन. मुलाला बाजेवर घालून माणसं निघाली आणि एक पोरगा टेकडीकडं पळाला फोन करायला. तो परत येऊन सांगेपर्यंत ही माणसं अर्ध्या वाटेवर पोचली होती. सुदैवानं दिशा बरोबर निघाली. मुलगा आज वर्गात पहिल्या बाकावर बसतो.

तुम्ही जीबीपीएस वगैरे लिहिता ते मला फारसं कळत नाही. मला एक फोन लागेल एवढं नेट हवं आहे, पण ते जुलैतल्या रात्री दोन वाजता हवं आहे.

---

जुना_कंदील | गुरुवार, सकाळी ६:४०

बाई, तुम्हाला नमस्कार. दुसरं काही लिहवत नाही.

---

छत्रीवाला | गुरुवार, सकाळी १०:१०

रानवाटा ताई, तुमचं वाचून मी काल रात्री वहीत हिशेब मांडला. रात्री दोन वाजता, जुलैत. हीच कसोटी धरू.

पाऊस. जेवढी वारंवारिता जास्त तेवढा पाऊस सिग्नल जास्त खातो. वारंवारितेच्या पट्ट्यांपैकी 'का' बँड सर्वांत नाजूक, 'कू' बँड त्यापेक्षा बरा, 'सी' बँडला पावसाचं फारसं नाही पण छत्री मोठी लागते. मुसळधार सरीत दहा-वीस मिनिटं जोडणी जाईल, सर ओसरली की येईल. त्याचं मला भय नाही.

भय विजेचं आहे. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाची अँटेना सरासरी ७५ वॅट धरा. चोवीस तास चालवली तर दिवसाला १.८ युनिट. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर बरोबर १.८ युनिटची, पण साधी बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की वर्षभरात मरते. म्हणजे हातात ०.९ युनिट, बारा तास. उन्हाळ्यात ४०० वॅटचं पॅनल दिवसभरात ती भरून काढतं. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नाही. तेव्हा अँटेना सतत चालू ठेवायची नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास गावासाठी, आणि एरवी बंद. रात्री गरज पडली तर बटण दाबायचं, पाच-दहा मिनिटांत जोडणी मिळते. म्हणजे बॅटरी रात्रीसाठी राखून ठेवणारं माणूस हवं, आणि बॅटरीत पाणी घालणारं. हे काम गावातलीच कुणी बाई किंवा पोरगा करेल, नागपूरचा माणूस करू शकत नाही.

आणि झाडं. भूस्थिर उपग्रहाच्या छत्रीला आकाशाचा एक तुकडा मोकळा असला तरी पुरतो. या नव्या अँटेनाला मात्र जवळपास सगळं आकाश लागतं, कारण उपग्रह पळत असतात. मोहाची एक फांदी आड आली की दर थोड्या वेळानं कॉल तुटतो. शाळेभोवती किती मोकळं आहे?

---

तेंदूपान | गुरुवार, दुपारी १२:३०

मी ग्रामसभांसोबत काम करतो. पैशांचं मी सांगतो.

गडचिरोलीतल्या ग्रामसभांकडं पैसा नाही हा नागपुरातला गैरसमज आहे. लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात कितीतरी गावांना मिळाला. आज अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करतात, बोनस स्वतः वाटतात, हिशेब भिंतीवर लिहितात. महिन्याचं नेटचं बिल आणि एका मुलीचं मानधन त्यातून निघू शकतं, पण ठराव त्यांचा हवा. वरून छत्री आणून ठेवली तर ती सरकारची छत्री होते, आणि सरकारची वस्तू बिघडली की सरकारची वाट पाहतात. ग्रामसभेनं ठराव करून घेतली तर कनेक्टर सडायला आठ महिने लागणार नाहीत, आठव्या दिवशी कुणीतरी वर चढेल.

---

धरमपेठी | गुरुवार, दुपारी १:००

पण मग सरकारनं हात झटकायचे का? शहरात आम्हाला रस्ता, पाणी, फायबर सगळं सार्वजनिक पैशातून आलं. आदिवासी गावानं मात्र तेंदूच्या बोनसमधून नेट विकत घ्यायचं, हे मला पटत नाही.

---

तेंदूपान | गुरुवार, दुपारी १:२५

बरोबर आहे तुमचं आणि मी शब्द मागं घेतो. छत्री, पॅनल, बॅटरी आणि बँडविड्थ सार्वजनिक पैशातूनच. ट्राय या दूरसंचार नियामकानं मे २०२५ मध्ये शिफारस केली आहे की उपग्रह कंपन्यांनी उत्पन्नाच्या ४ टक्के स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याचे, द्यावेत आणि शहरी ग्राहकामागं वर्षाला ५०० रुपये जास्त. म्हणजे गावांकडं वळा असा इशारा त्यात आहे. ग्रामसभेनं फक्त चावी स्वतःकडं ठेवावी. कोण चालवणार, किती वेळ चालणार, हे त्यांनी ठरवावं.

---

रानवाटा | शनिवार, दुपारी ४:२०

छत्रीवाला दादा, तुम्ही विचारलं म्हणून मुलांना घेऊन मोजलं. शाळेच्या मागं खेळाचं मैदान आहे, ४० पावलं लांब, २५ पावलं रुंद. पूर्वेला तीन मोहाची झाडं, ती तोडायची नाहीत, गावाची आहेत. पश्चिमेला मोकळं. गच्चीवर उभं राहिलं तर झाडांचे शेंडे डोक्याच्या थोडे वर दिसतात. सातवीतली एक मुलगी, तिचं नाव लिहीत नाही, रोज शाळेचा सौर दिवा पुसते आणि बॅटरीत पाणी घालते. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिची थोरली बहीण बारावी झाली आहे, घरीच असते.

ग्रामसभा येत्या पौर्णिमेनंतर आहे.

---

छत्रीवाला | शनिवार, सायंकाळी ६:०५

ताई, गच्चीवर सहा फुटांचा पाइप उभा केला तर शेंडे खाली जातात, झाडांना हात लावायची गरज नाही. माझ्याकडं आधीच्या कामातली एक जुनी व्हीसॅट छत्री आणि एक चालू मॉडेम पडून आहे, जोडणी मिळेपर्यंत त्यावर थोरल्या बहिणीला शिकवता येईल. कनेक्टर कसा भरायचा, टेप कशी गुंडाळायची, अर्थिंग कशी तपासायची. दोन दिवस पुरतात.

ग्रामसभेनं बोलावलं तर येतो. गणेशपेठवरून सकाळच्या एसटीनं निघीन, छत्री टपावर बांधू.

---

फायबरभाऊ | शनिवार, सायंकाळी ६:३०

एसटी कशाला, माझी गाडी आहे. स्प्लायसिंग मशीनही सोबत घेतो, वाटेत आलापल्लीच्या पुढं केबल कुठं तुटली आहे ते एकदा बघतोच.

---

जुना_कंदील | शनिवार, रात्री ८:००

गाडीत चौथी जागा आहे का?